भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राष्ट्रीय सन्मानांची परंपरा

प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येस भारत सरकार पद्म सन्मानांची जी नामावली जाहीर करते, तीत वैद्य, शास्त्रज्ञ, कलावंत, उद्योगपती आणि लोकसेवक यांच्या नावांच्या दाटीत कधी कधी एखाद्या इतिहाससंशोधकाचेही नाव झळकते. आणि १९६७ सालच्या पद्मभूषणांच्या यादीत असे जे नाव आले ते महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांचे होते. पोतदार तेव्हा पंच्याहत्तरीच्या पलीकडे गेलेले होते, पुणे विद्यापीठाच्या कुलगुरुपदावरून निवृत्त झालेले होते, आणि महाराष्ट्रात विद्वत्तेच्या क्षेत्रात त्यांना मिळावयाचा मान बहुतेक सर्व मिळून चुकला होता. तथापि ज्या कार्यामुळे राष्ट्राचे लक्ष त्यांच्याकडे वेधले, त्या कार्याचा उगम विद्यापीठात नव्हता. तो पुण्याच्या सदाशिव पेठेतील एका लोकाश्रित संस्थेच्या कागदांत, तिच्या पाक्षिक सभांत आणि तिच्या वर्गणीदारांच्या चिकाटीत होता. राष्ट्र सन्मान देते तो व्यक्तीला देते, कारण सनदेवर एकच नाव लिहिता येते. परंतु इतिहासाच्या क्षेत्रात त्या एका नावामागे पुष्कळांचे श्रम उभे असतात, आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचा इतिहास हा मुख्यतः त्या श्रमांचा इतिहास आहे.

मंडळाच्या जन्माआधी सुमारे पाऊण शतक मराठ्यांचा इतिहास म्हटला की लोकांपुढे एकच ग्रंथ येत असे, आणि तो एका परकीय अधिकाऱ्याने लिहिलेला होता. साताऱ्यास कारभार पाहिलेल्या कॅप्टन जेम्स ग्रँट डफ याचे तीन खंड १८२६ साली लंडनला प्रसिद्ध झाले. डफ परिश्रमी होता, त्याच्या हाती अस्सल दप्तरे आली होती, आणि त्याचा ग्रंथ पुढील पिढ्यांना टाळता आला नाही, हे त्याचे ऋण प्रामाणिकपणे मानले पाहिजे. तरीही विजेत्याने जिताचा इतिहास लिहिला म्हणजे त्यात जे न्यून राहावयाचे ते राहिलेच, आणि १८६७ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने त्या ग्रंथावर जी टीका लिहिली तिच्यापासून स्वदेशी संशोधनाची वाट सुरू झाली. १८७८ साली काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक काढून बखरी आणि पत्रे छापण्यास आरंभ केला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे शाळेतील अध्यापन सांभाळून पटवर्धनांची दप्तरे वाचीत बसले, आणि त्यांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ निघू लागला. १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे होती, आणि पानिपतचा प्रसंग ज्यांनी डोळ्यांनी पाहिला व ज्यांनी त्याची वार्ता कापऱ्या हाताने लिहिली त्यांचा आवाज वाचकांस प्रथमच थेट ऐकू आला. या मालेचे पुढे एकंदर बावीस खंड झाले.

राजवाडे हे एकट्याने फिरणारे, एकट्याने वाचणारे आणि एकट्याने भांडणारे पुरुष होते; परंतु गावोगावच्या वाड्यांतील माळ्यांवर, देवघरांतील पेट्यांत आणि कुलकर्ण्यांच्या बस्त्यांत कागदांचा जो अफाट साठा पडला होता, तो एका माणसाच्या आयुष्यात उलगडणारा नाही, हे त्यांच्याइतके कोणासच उमगले नव्हते. म्हणून ७ जुलै १९१० रोजी पुण्यात, सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने, त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, त्याच वर्षी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा झाला होता, आणि वर्तमानाविषयी मोकळेपणाने बोलणे दुरापास्त झाले होते. अशा समयी भूतकाळाच्या अस्सल कागदांचा संग्रह करण्याची शपथ वाहणे ही निरुपद्रवी विद्याव्यासंगाची गोष्ट दिसली, तरी तिच्या मुळाशी राष्ट्राच्या स्वत्वाची जाणीव होती. मंडळाचे प्रारंभीचे बिऱ्हाड मेहेंदळ्यांच्या वाड्यात होते. सभासदांनी आपल्यास गवसलेला कागद सभेपुढे आणावा, तो कोठे मिळाला, कोणाच्या हस्ताक्षराचा, कोणत्या तिथीचा, हे सांगावे, आणि इतरांनी त्यावर आक्षेप घ्यावेत, अशी शिस्त आरंभापासून पाडण्यात आली. वार्षिक इतिवृत्ते आणि संमेलनवृत्ते यांच्या रूपाने ही चर्चा छापली जाऊ लागली, आणि १९२० पासून मंडळाचे त्रैमासिक सुरू झाले. खुद्द राजवाड्यांचे मात्र मंडळाशी पुढे पटले नाही. मतभेद विकोपास गेले आणि त्यांच्या आयुष्याची अखेर ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास झाली. संस्थापक दूर गेला तरी संस्था त्याच्याच वाटेने चालत राहिली, ही गोष्ट दोहोंनाही भूषणावह आहे.

या कामाचे स्वरूप ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले नाही त्यांच्यासाठी एक रुमाल उघडून दाखविणे आवश्यक वाटते. खारव्याच्या फडक्यात बांधलेले ते गाठोडे सोडले की आधी धूळ उठते, मग जुन्या हातकागदाचा आणि ओलीचा मिश्र वास येतो, आणि घड्या पडून कडक झालेले अरुंद, लांबट बंद दिसू लागतात. काहींच्या कडा कसरीने खाल्लेल्या असतात, काहींना वाळवीने आरपार भोके पाडलेली असतात, काही पावसाने एकमेकांस चिकटलेले असतात आणि उलगडताना जपले नाही तर हातातच तुकडे होतात. मजकूर मोडीत, बोरूने, हात न उचलता एका ओघात लिहिलेला. शब्द तुटत नाहीत, वाक्य कोठे संपले हे अक्षरांवरून कळत नाही, आणि ऱ्हस्वदीर्घाची पर्वा लेखनिकाने केलेली नसते. आरंभी मायना असतो, त्यावरून लिहिणारा आणि ज्यास लिहिले तो यांचा दर्जा व नाते समजते. शेवटी मोर्तब असते, ती नसेल तर कागद अस्सल आहे की नक्कल आहे याची शंका घ्यावी लागते. एखादा फारसी शब्द फुटला नाही म्हणजे वाचकाचा दिवस जातो. वाचून झाल्यावर बाळबोधीत नक्कल करावयाची, ती दुसऱ्याकडून ताडून घ्यावयाची, मग कागदाचा गोषवारा लिहून त्याची नोंद करावयाची. असे शंभर कागद वाचावेत तेव्हा त्यांतील पाचदहा छापण्याजोगे निघतात. उरलेले धान्याचे हिशेब, उसनवारीच्या चिठ्ठ्या आणि सोयरिकीच्या वाटाघाटी यांनी भरलेले असतात. सामाजिक इतिहास लिहू पाहणाऱ्या आजच्या अभ्यासकास तर तेच कागद अधिक मोलाचे वाटतात.

काळाचा निर्णय हे याहूनही कठीण काम असते. पत्रावर पुष्कळदा मुसलमानी महिन्याचा चंद्र तेवढा घातलेला असतो आणि सालाचा पत्ता नसतो. जेथे साल असते तेथे ते शुहूर सनाचे, आणि तेही अंकांत नव्हे तर अरबी संख्यावाचकांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे वाचले म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार यांची बेरीज करून ११६१ हा सन काढावयाचा, हा सन मृगारंभी बदलतो हे स्मरावयाचे, आणि मग तो १७६० च्या जूनपासून १७६१ च्या मेअखेरपर्यंत येतो, म्हणजे पानिपतच्या युद्धाचे ते साल, हे ठरवावयाचे. ज्या पत्रावर सालच नाही त्याचा काळ आतील मजकुरावरून, कोण जिवंत आहे, कोण मोहिमेवर आहे, कोणते ठाणे कोणाकडे आहे यावरून बसवावा लागतो. एका चुकीच्या सालाने संपूर्ण मोहिमेचा क्रम उलटा होतो. मंडळातील संशोधकांनी या बाबतीत जी कडक शिस्त घालून दिली, तीच मंडळाने महाराष्ट्रास दिलेली सर्वांत मोठी देणगी होय, असे मी मानतो. गणेश हरी खरे यांनी या शास्त्राचे ज्ञान एकत्र करून ‘संशोधकाचा मित्र’ हा ग्रंथ लिहिला. मोडी, फारसी, शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि मूर्ती या सर्व प्रांतांत त्यांचा संचार होता, आणि मंडळाच्या संग्रहाची त्यांनी दीर्घकाळ केलेली जपणूक तर त्यांच्या ग्रंथांइतकीच मौल्यवान होती.

अशा शिस्तीचे फळ कसे मिळते याचे सर्वपरिचित उदाहरण शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचे आहे. बखरींच्या आधारे पिढ्यान्पिढ्या वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ ही तिथी मानली जात होती. भोर संस्थानातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात एक शकावली होती. शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या घटनांची ती कोरडी, संक्षिप्त टिपणे, त्यांत ना वर्णन ना स्तुती. ही शकावली दयाजीराव सर्जेराव जेधे देशमुख यांच्याकडून लोकमान्य टिळकांच्या हाती आली, आणि टिळकांनी ती १९१६ साली मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. तीत जन्मतिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंदलेली आढळली. एका कागदावरून रूढ समजूत मोडीत काढणे मंडळास मान्य नव्हते, आणि म्हणून पुढील कित्येक वर्षे साधकबाधक चर्चा चालली. सदाशिव महादेव दिवेकर यांनी तंजावरच्या संग्रहातून कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य शोधून काढले, ते १९२७ साली मंडळाने प्रसिद्ध केले, आणि त्यातही तीच तिथी निघाली. राजस्थानात जोधपूरकडील जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात शिवाजी महाराजांची म्हणून जी कुंडली मिळाली, तीही याच तिथीशी जुळली. मावळातील एका देशमुखाचे टिपण, कावेरीच्या काठी जपलेले काव्य आणि मारवाडातील ज्योतिषाची कुंडली या तीन परस्परांस अपरिचित साक्षीदारांनी एकच साक्ष दिली, तेव्हा शंकेस जागा उरली नाही. महाराष्ट्र शासनानेही पुढे १९ फेब्रुवारी १६३० हीच जन्मतारीख स्वीकारली. एका मराठी राजाच्या जन्माचा निर्णय लागण्यास भारताच्या तीन प्रदेशांतील कागद एकत्र यावे लागले, यातच मंडळाच्या नावातील ‘भारत’ या पदाची सार्थकता आहे.

जेधे शकावलीनंतर मंडळाकडे घराणी विश्वासाने आपली दप्तरे आणू लागली. चंद्रचूड दप्तर छापले गेले, पुरंदरे दप्तराचे खंड निघाले, ‘शिवचरित्रसाहित्य’ आणि ‘ऐतिहासिक संकीर्ण साहित्य’ या माला चालू झाल्या. दत्तात्रय विष्णु आपटे, शंकर नारायण जोशी, कृष्णाजी वासुदेव पुरंदरे आणि त्यांचे सहकारी रात्री दिव्याशी बसून वाचीत राहिले. त्यांतील बहुतेकांना पोटासाठी दुसरा उद्योग करावा लागत असे.

या सर्वांना एकत्र बांधून ठेवण्याचे आणि मंडळाचे नाव प्रांताबाहेर नेण्याचे काम पोतदारांनी केले. १८९० साली कुलाबा जिल्ह्यातील बिरवाडी येथे जन्मलेले दत्तो वामन १९१८ पासून सुमारे तीन दशके मंडळाचे चिटणीस होते. त्यांची स्मरणशक्ती, त्यांचे वक्तृत्व आणि माणसे जोडण्याची त्यांची हातोटी या तिन्हींचा लाभ मंडळास झाला. दप्तरदारांच्या दारी जाऊन त्यांच्या मनातील संशय दूर करणे, संस्थानिकांकडून देणगी मिळविणे, भांडलेल्या संशोधकांना पुन्हा एका बैठकीवर बसविणे, हे सारे त्यांनी केले. त्यांच्या लेखणीतून यावयाचा ग्रंथसंभार आला नाही, आणि योजिलेले शिवचरित्रही त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही, ही खंत त्यांच्या चाहत्यांना नेहमी वाटत आली आणि ती अनाठायी नाही. परंतु इतरांचे ग्रंथ ज्याच्यामुळे सिद्ध झाले त्याचे माप त्याच्या स्वतःच्या ग्रंथांवरून घेणे अन्यायाचे होईल. मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या वर्षी, जून १९३५ मध्ये, त्यांच्या पुढाकाराने पुण्यात अर्वाचीन भारतीय इतिहासाची अखिल भारतीय परिषद भरली. अलाहाबादचे सर शफाअत अहमद खान अध्यक्ष होते, आणि निरनिराळ्या प्रांतांतील इतिहासाचे अध्यापक व संशोधक प्रथमच एका मांडवाखाली आले. ही परिषद एका वेळेपुरती राहिली नाही. १९३८ साली अलाहाबादेस डॉ. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली तिचे दुसरे अधिवेशन झाले, आणि तीच आज इंडियन हिस्टरी काँग्रेस या नावाने ओळखली जाणारी देशातील इतिहासकारांची सर्वांत मोठी संघटना होय. विद्यापीठीय पदव्यांचे पाठबळ नसलेल्या, वर्गणीवर चालणाऱ्या एका मंडळाने अखिल भारतीय इतिहासविद्येला तिचे व्यासपीठ मिळवून दिले, या गोष्टीची आठवण महाराष्ट्रात असावी तितकी राहिलेली नाही.

मंडळाच्या इतिहासात कटुतेचा एक अध्याय आहे, आणि स्मरणिकेत तो गाळणे योग्य होणार नाही. पुण्याच्या सरकारी पेशवे दप्तरात सुमारे पस्तीस हजार रुमाल होते, आणि ते संशोधकांस खुले व्हावेत म्हणून मंडळाच्या मंडळींनी वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या केल्या होत्या. शेवटी मुंबई सरकारने ते काम हाती घेतले तेव्हा सर जदुनाथ सरकार यांच्या सल्ल्याने त्याची सूत्रे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे दिली. मंडळातील संशोधकांना हा आपला उपमर्द वाटला, आणि सरदेसाई-सरकार यांच्या पद्धतीवर त्यांनी कडक टीका केली. दुसऱ्या बाजूनेही पुणेकरांवर प्रादेशिक अभिमानाचा आरोप झाला. आज दोन्ही बाजूंची पत्रे आणि लेख वाचताना असे दिसते की प्रत्येक कागद समग्र छापावा हा मंडळाचा आग्रह शास्त्रदृष्ट्या बरोबर होता, आणि थोड्या अवधीत निवडक कागद तरी लोकांपुढे यावेत ही सरदेसायांची निकडही रास्त होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत उमेदीचा काळ घालवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग संपादून प्रसिद्ध केले. प्रजासत्ताकाने १९५७ साली त्यांना पद्मभूषण दिले तेव्हा ते नव्वदीच्या पलीकडे होते आणि कामशेतला राहून अद्याप लिहीत होते. मंडळाचे आणि त्यांचे मार्ग भिन्न असले, तरी तो मान एकाच विद्येचा होता, अशी माझी धारणा आहे.

या राष्ट्रीय सन्मानांविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. इंग्रजी अमलात सरकार रावसाहेब, रावबहादूर यांसारखे किताब देई, आणि संस्कृत विद्येतील पंडितांसाठी १८८७ पासून महामहोपाध्याय ही पदवी होती. पोतदारांना आणि पांडुरंग वामन काणे यांना ती मिळाली. स्वतंत्र भारताच्या संविधानाने अठराव्या अनुच्छेदाने किताब रद्द केले. २ जानेवारी १९५४ रोजी भारतरत्न आणि पद्म सन्मान निर्माण झाले ते किताब म्हणून नव्हेत, आणि नावाच्या मागेपुढे ते लावता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही पुढे स्पष्ट केले. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, एवढेच त्याचे दृश्य रूप. १९६३ साली काण्यांना भारतरत्न मिळाले. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या त्यांच्या ग्रंथाचे खंड पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केले होते, आणि ग्रंथांत रमलेल्या अभ्यासकास देशाचा सर्वोच्च मान मिळावा, हा या विद्येच्या क्षेत्रातील सर्वांत मोठा दिवस होता. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्या ‘श्री शिव छत्रपती’ या ग्रंथास १९६६ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. ग्रंथ म्हणजे संकल्पित शिवचरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधने, आणि लेखक १९६३ सालीच निवर्तलेले. १९६७ साली पोतदारांना पद्मभूषण. १९७४ साली डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकळिया यांना पुरातत्त्वासाठी पद्मभूषण मिळाले. तरुणपणी मंडळात कागदांच्या सान्निध्यात वावरलेले बाबासाहेब पुरंदरे यांना २०१९ साली पद्मविभूषण देण्यात आले. त्यांनी स्वतःस शाहीर म्हणवून घेतले, आणि त्यांच्या लेखनाच्या पद्धतीविषयी संशोधकांत मतभेद राहिले, तरी दप्तरातील विषय घराघरांत नेण्याचे त्यांचे सामर्थ्य कोणी नाकारलेले नाही.

ही नामावली अभिमानास्पद आहे, पण ती वाचताना मनास एक गोष्ट टोचल्यावाचून राहत नाही. राष्ट्राचे लक्ष जाते ते ग्रंथकर्त्याकडे, वक्त्याकडे किंवा संस्थेच्या धुरीणाकडे, आणि तेही बहुधा त्याच्या आयुष्याच्या उतरणीस. राजवाडे, साने, वासुदेवशास्त्री खरे हे तर प्रजासत्ताकाच्या पूर्वीच निघून गेले. राजवाड्यांना लोकांनी ‘इतिहासाचार्य’ म्हटले, आणि तेवढीच त्यांची पदवी. परंतु आजही जो मनुष्य रुमाल सोडतो, कागद झटकतो, फाटलेल्या कडेस पातळ कागदाचा आधार देतो, मोडीची बाळबोध नक्कल करतो आणि सूचीत त्याची नोंद करतो, त्याचे नाव कोणत्याही नामावलीत येत नाही. मोडी वाचणाऱ्यांची पिढी विरळ होत चालली आहे. मोडीचे वर्ग भरतात, उत्साही तरुण शिकतातही, पण अक्षर ओळखणे आणि दप्तर वाचणे यांत वर्षांच्या सरावाचे अंतर असते, आणि त्या वर्षांत पोट भरेल अशी व्यवस्था आपण केलेली नाही. शासनाने आणि विद्यापीठांनी लिप्यंतर, सूची आणि जतन या कामांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय पारितोषिके ठेवावीत, आणि ती उमेदीच्या वयात द्यावीत, अशी माझी स्पष्ट सूचना आहे. ग्रंथकर्त्यास मान मिळतो तेव्हा तो या पायाभूत कामगारांच्या वाट्यासही यावयास हवा, आणि तो आपोआप येत नाही हे शतकभराच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे.

मंडळाच्या संग्रहात आज सुमारे पंधरा लाख मोडी व फारसी कागद आणि हजारोंच्या संख्येने पोथ्या आहेत. शिवाय चित्रे, नाणी, ताम्रपट आणि शिल्पे आहेत. त्यांतील फार मोठा भाग अद्याप वाचला जावयाचा आहे. ही सारी संपत्ती लोकांनी दिली. कोणी वाडा पाडताना दिली, कोणी वाटणीच्या वेळी भांडण नको म्हणून दिली, कोणी पणजोबांचा हस्तलेख आपल्याला वाचता येत नाही म्हणून दिली, आणि बहुतेकांनी त्याबद्दल पोचपावतीपलीकडे काही मागितले नाही. कोणत्याही सन्मानापेक्षा मंडळास या विश्वासाचे मोल अधिक वाटले पाहिजे.

या स्मरणिकेच्या वाचकांना म्हणून एक विनंती आहे. आपल्या घरी, गावच्या वाड्यात किंवा कोणा वृद्ध आप्ताच्या पेटीत मोडी कागदांचा एखादा रुमाल, एखादी वही, एखादी फाटकी पोथी असेल, तर ती रद्दीत देऊ नका आणि ओलीच्या जागी ठेवू नका. कागद कोणत्या घराण्याचे, कोणत्या गावचे आणि कोणाकडून आले, एवढे एका चिठ्ठीवर लिहून ते मंडळाच्या सदाशिव पेठेतील कार्यालयात पोहोचवा; आणि ज्यांना दिवसातून एक तास मोकळा आहे त्यांनी मोडी शिकून ते वाचावयास यावे.